प्रतिकृती नेमकी कोणत्या दिवसाची? मर्यादित आवृत्तीची इंजिने आणि त्यांच्यामागची खरी इंजिने

‘फ्लाइंग स्कॉट्समन’च्या मर्यादित आवृत्तीतल्या दोन प्रतिकृती आपल्याला विकत मिळत आहेत. एक सफरचंदी हिरव्या रंगाची, ४४७२ क्रमांकाची आणि एकेरी धुराड्याची आहे. दुसरी गडद हिरवी, ६०१०३ क्रमांकाची, दुहेरी धुराड्याची आणि पुढच्या बाजूला धूर वळवणारे दोन उभे पत्रे असलेली आहे. यांतली खरी कोणती आणि प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक लहान असला तर प्रतिकृतीचे मोल वाढते का, असे आपण विचारले आहे. शिवाय आपल्या संग्रहातल्या निळ्या ‘मॅलार्ड’च्या अंगावर दोन्ही बाजूंना एक छोटी पाटी आहे आणि खोक्यावर मात्र १९३८ साल छापलेले आहे, ते जुळते का, हीही आपली शंका आहे. तीनही प्रश्न दिसायला वेगळे असले तरी त्यांचे मूळ एकच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गेली तीस वर्षे मी अशी इंजिने जमवतो आणि दुरुस्तही करतो. या काळात एक सवय मला सर्वांत उपयोगी पडली. प्रतिकृती हातात घेतली की ती किती नगांपैकी कितवी आहे हे मी नंतर पाहतो. आधी ती कोणत्या तारखेची आहे हे शोधतो. खरे इंजिन चाळीस-पन्नास वर्षे जगते आणि तेवढ्या काळात त्याचा बॉयलर, धुराडे, टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा), रंग, क्रमांक, कधी कधी नावसुद्धा बदलते. प्रतिकृतीला मात्र त्या आयुष्यातला एकच क्षण पकडता येतो. तो क्षण खरोखर अस्तित्वात होता का, म्हणजे प्रतिकृतीवर एकत्र दिसणारी सगळी वैशिष्ट्ये खऱ्या इंजिनावर एकाच वेळी होती का, यावर तिची सचोटी ठरते.

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे यासाठी सर्वांत उत्तम आणि सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण आहे. आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे. हे नाव एका इंजिनाचे आहे आणि एका गाडीचेही आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून आणि एडिंबराहून सकाळी दहा वाजता समोरासमोर निघणारी जलद गाडी १८६२ पासून धावत होती. लोक तिला या नावाने आधीपासूनच ओळखत असले तरी ते अधिकृत झाले १९२४ मध्ये. म्हणून जुन्या छायाचित्राखाली ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ असे लिहिलेले दिसले तरी गाडीला जोडलेले इंजिन दुसरेच असण्याची शक्यता बरीच असते. मर्यादित आवृत्तीच्या खोक्यांवर छापलेल्या इतिहासातही गाडीची आणि इंजिनाची कहाणी एकमेकांत मिसळलेली मी पाहिली आहे.

इंजिन तयार झाले फेब्रुवारी १९२३ मध्ये, डॉन्कास्टरच्या कारखान्यात. रचनाकार नायजेल ग्रेस्ली यांच्या ए१ वर्गातले ते इंजिन, क्रमांक १४७२, आणि त्या वेळी त्याला नावच नव्हते. १९२४ मध्ये वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात ते मांडायचे ठरले, तेव्हा त्याला नाव मिळाले आणि ४४७२ हा क्रमांक मिळाला. त्या काळात क्रमांक टेंडरवर मोठ्या आकड्यांत लिहीत. तो कॅबच्या, म्हणजे चालकाच्या खोलीच्या, बाजूवर आला १९२० च्या दशकाच्या अखेरीस. १ मे १९२८ रोजी लंडन ते एडिंबरा हे ३९२.७ मैलांचे, म्हणजे सुमारे ६३२ किलोमीटरचे अंतर वाटेत न थांबता कापणारी पहिली नियमित गाडी याच इंजिनाने ओढली. इतक्या लांबच्या धावेत चालकांची एक जोडी पुरणार नव्हती, म्हणून टेंडरच्या एका बाजूने जेमतेम दीड फूट रुंदीची वाट काढली आणि विसावा घेणारी जोडी गाडीच्या डब्यातून त्या वाटेने चालत इंजिनावर येऊ लागली. वाट असलेले हे टेंडर मागून पाहिले की लगेच ओळखू येते, कारण त्याच्या मागच्या भिंतीवर डब्याला असते तशी जोडवाट असते. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी याच इंजिनाने ताशी १०० मैलांचा वेग गाठला; वाफेच्या इंजिनाने तो वेग गाठल्याची अधिकृतपणे मान्य झालेली ती पहिली नोंद आहे.

यानंतरच्या काळात प्रतिकृती बनवणारे आणि घेणारे दोघेही चुकतात. १९४६ मध्ये मालक कंपनीने, म्हणजे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने, सगळ्या इंजिनांना नवे क्रमांक दिले; जानेवारीत हे इंजिन ५०२ झाले आणि मे महिन्यात १०३. जानेवारी १९४७ मध्ये त्याचा बॉयलर बदलून ते ए३ वर्गात गेले; वाफेचा दाब दर चौरस इंचाला १८० पौंड होता तो २२० पौंड झाला. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतर १९४८ च्या अखेरीस क्रमांक ६०१०३ झाला. काही वर्षे रंग निळा होता, १९५२ पासून गडद हिरवा. १९५८-५९ च्या हिवाळ्यात दुहेरी धुराडे बसले. त्याने इंजिनाचा दम वाढला, पण धुराचा झोत मऊ झाल्यामुळे तो खाली उतरून चालकाच्या डोळ्यांपुढे येऊ लागला, म्हणून १९६१ च्या अखेरीस धुराड्याच्या दोन्ही बाजूंना जर्मन धर्तीचे पत्रे लावले. जानेवारी १९६३ मध्ये इंजिन सेवेतून काढले आणि ॲलन पेग्लर यांनी ते विकत घेतले.

पेग्लर यांना त्यांच्या लहानपणी पाहिलेले इंजिन परत हवे होते. त्यांनी पत्रे काढले, एकेरी धुराडे परत बसवले, वाट असलेले टेंडर मिळवले, सफरचंदी हिरवा रंग दिला आणि ४४७२ हा क्रमांक पुन्हा रंगवून घेतला. बॉयलर मात्र ए३ वर्गाचाच राहिला. म्हणजे ४४७२ हा क्रमांक आणि ए३ चा बॉयलर ही जोडी कंपनीच्या काळात कधीच नव्हती, कारण ए३ होण्याच्या वर्षभर आधीच तो क्रमांक गेला होता. ही जोडी १९६३ नंतरची आहे. प्रतिकृतीवर ती ओळखायची खूण सोपी आहे. बॉयलरच्या पुढच्या टोकाला, धुराड्याच्या खाली जो काळा नळकांड्यासारखा भाग असतो त्याच्या दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला ए३ वर्गात एकेक उठून दिसणारे आयताकृती झाकण असते. आतल्या वाफ तापवणाऱ्या नळ्यांची पेटी रुंद झाल्यामुळे तिची टोके बाहेर आली, ती झाकण्यासाठी ते आहे. मूळ ए१ मध्ये तो भाग गुळगुळीत असतो.

पुढची कहाणीही रंग आणि सुटे भाग यांनीच वाचता येते. १९६६ मध्ये जोडलेले दुसरे टेंडर हे पाण्यासाठी होते, कारण रुळांमधल्या ज्या पन्हळींतून धावते इंजिन पाणी उचलत असे त्या एकेक करून बंद होत होत्या. १९६९ मध्ये इंजिन अमेरिकेला गेले तेव्हा त्याला घंटा, मोठा दिवा आणि रुळावरची जनावरे बाजूला सारणारी जाळी बसली. तिथे पेग्लर यांचे दिवाळे निघाले आणि १९७३ च्या आरंभी विल्यम मॅकअल्पाइन यांनी ते सोडवून आणले. ८ ऑगस्ट १९८९ रोजी ऑस्ट्रेलियात पार्क्स ते ब्रोकन हिल या मार्गावर ते ४२२ मैल न थांबता धावले, आणि वाफेच्या इंजिनाच्या न थांबता केलेल्या धावेचा तो विक्रम ठरला. १९९३ मध्ये दुहेरी धुराडे आणि पत्रे परत आले. २००४ मध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते घेतले आणि प्रदीर्घ दुरुस्तीनंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये ते गडद हिरव्या रंगात ६०१०३ म्हणून पुन्हा मुख्य मार्गावर आले. घंटा आणि दोन टेंडर असलेली प्रतिकृती अमेरिकेच्या दौऱ्याची, तर सफरचंदी हिरव्या रंगावर दुहेरी धुराडे असलेली प्रतिकृती विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीची किंवा त्यानंतरची. दोन्ही खऱ्याच आहेत, फक्त त्यांच्यामागे सागाच्या लाकडाचे जुने डबे लावून १९३० च्या दशकातली गाडी म्हणून मांडले की चित्र खोटे होते.

यावरून आपल्या दोन प्रतिकृतींबद्दल एक गोष्ट लक्षात येईल. पुष्कळ संग्राहकांना ४४७२ हे ‘अस्सल’ आणि ६०१०३ हे ‘उशिराचे’ वाटते. माझे मत थोडे वेगळे आहे. पत्रे आणि दुहेरी धुराडे असलेले ६०१०३ हे रूप सेवेतल्या इंजिनाचे आहे. ते जेमतेम वर्षभर टिकले, पण त्या वर्षभरात इंजिन रोजच्या प्रवाशांच्या गाड्या ओढत होते आणि चाळीस वर्षांत ग्रेस्लींच्या मूळ आराखड्यात झालेल्या सगळ्या सुधारणा त्याच्या अंगावर होत्या. ए३ बॉयलरचे ४४७२ हे एका माणसाच्या प्रेमातून घडलेले रूप आहे. मला दोन्ही प्रिय आहेत, आणि दोन्हींना त्यांच्या नेमक्या नावाने हाक मारलेली मला आवडते.

आता ‘मॅलार्ड’. ग्रेस्लींच्याच ए४ वर्गातले ४४६८ क्रमांकाचे हे इंजिन मार्च १९३८ मध्ये सेवेत आले. ३ जुलै १९३८ रोजी ग्रँथमच्या दक्षिणेला असलेल्या स्टोक उतारावर, सात डबे आणि सुमारे २४० टनांचे वजन ओढत, त्याने ताशी १२६ मैलांचा, म्हणजे जवळपास २०३ किलोमीटरचा वेग गाठला. चालक जो डडिंग्टन होते आणि भट्टीवर टॉमी ब्रे. दोन वर्षांपूर्वी जर्मनीच्या ०५ ००२ या इंजिनाने ताशी २००.४ किलोमीटरचा वेग गाठला होता, तो विक्रम त्या दिवशी मोडला. मधल्या सिलिंडरच्या दांड्याचे मोठे बेअरिंग अतिशय तापल्यामुळे पीटरबरोला इंजिन गाडीपासून सोडवावे लागले. आपल्या प्रतिकृतीच्या अंगावर जी पाटी आहे ती याच विक्रमाची आठवण सांगते, आणि खऱ्या इंजिनावर ती १९४८ मध्ये लावली गेली.

तेव्हा आपली शंका रास्त आहे. निळा रंग, ४४६८ क्रमांक, चाके झाकणारे लांब पत्रे आणि विक्रमाची पाटी हे सगळे एकत्र असलेले ‘मॅलार्ड’ १९३८ मध्ये नव्हते. युद्धकाळात देखभाल सोपी व्हावी म्हणून चाकांवरचे पत्रे काढून टाकले होते. क्रमांक १९४६ मध्ये २२ आणि राष्ट्रीयीकरणानंतर ६००२२ झाला. पाटी आली ती त्या नंतरच्या रूपावर. एप्रिल १९६३ मध्ये इंजिन सेवेतून काढल्यावर संग्रहालयासाठी पत्रे पुन्हा बसवले, निळा रंग आणि जुना क्रमांक परत दिला, पाटी मात्र राहू दिली. आज यॉर्कला उभे असलेले इंजिन असे आहे. आपली प्रतिकृती त्याची अचूक नक्कल आहे. खोक्यावरचे साल तेवढे चुकीचे आहे. १९३८ चेच इंजिन हवे असेल तर पाटी काढून खालचा रंग जुळवता येतो, पण मी तसे सुचवणार नाही, कारण छापलेली पाटी घासताना बाजूचा निळा रंग हमखास फिका पडतो.

ए४ वर्गाबाबत आणखी एक कसोटी मी नेहमी लावतो. एकूण ३५ इंजिनांपैकी नव्यानेच दुहेरी धुराडे घेऊन बाहेर पडलेली इंजिने चारच होती: ‘मॅलार्ड’, ‘कॅपरकेली’, ‘सीगल’ आणि ‘पेरेग्रिन’. उरलेल्यांना ते १९५७-५८ मध्ये मिळाले. म्हणून चाकांवर पत्रे असलेले, युद्धापूर्वीच्या निळ्या रंगातले ‘सर नायजेल ग्रेस्ली’ किंवा रुपेरी राखाडी ‘सिल्व्हर लिंक’ प्रतिकृतीत दुहेरी धुराड्याचे दिसले, तर उत्पादकाने ‘मॅलार्ड’चा साचा तसाच वापरला आहे असे समजावे.

मर्यादित आवृत्ती कशी घडते हे इथे समजून घ्यायला हवे. प्रतिकृतीचा सर्वांत मोठा खर्च पोलादी साच्यांचा असतो. एका वर्गाचे साचे तयार झाले की त्यांतून त्या वर्गातली अनेक इंजिने काढता येतात; रंग, रेघा, क्रमांक आणि नाव हे मऊ रबरी ठशाने छापले जातात आणि ते बदलायला साच्याच्या मानाने फारच थोडा खर्च येतो. एखादे दुकान, एखादे मासिक किंवा एखादे संग्रहालय उत्पादकाकडे ठरावीक नगांची मागणी नोंदवते, स्वतःच्या पसंतीचा क्रमांक आणि रंग सांगते, प्रत्येक नगाबरोबर अनुक्रमांकाचे प्रमाणपत्र जाते, आणि मर्यादित आवृत्ती तयार होते. यात गैर काही नाही. उलट एरवी कुणी काढले नसते असे कितीतरी क्रमांक यामुळेच आपल्याला मिळाले. पण मर्यादा छापील क्रमांकाला असते, साच्याला नसते. तोच साचा पुढच्या वर्षी दुसऱ्या नावाने बाजारात येतो, आणि काही वर्षांनी तेच इंजिन थोड्या वेगळ्या तारखेच्या रूपात सर्वसाधारण मालिकेतही येऊ शकते.

साच्यात बदलता येणारे भाग किती ठेवले आहेत, यावर अशा आवृत्तीची अचूकता अवलंबून असते. चांगला उत्पादक धुराडे, घुमट, टेंडर, पुढची झाकणे यांचे वेगवेगळे तुकडे सुरुवातीलाच तयार करून ठेवतो. कमी तुकडे असतील तर नव्या क्रमांकासाठी सर्वांत जवळचा तुकडा बसवला जातो, आणि एकेरी-दुहेरी धुराड्यासारखी चूक तिथूनच शिरते.

क्वचित एखाद्या आवृत्तीसाठी पूर्ण नवे साचे बनतात. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासाठी बाखमन या प्रतिकृती-उत्पादकाने काढलेली पहिल्या ‘डेल्टिक’ची प्रतिकृती हे त्याचे चांगले उदाहरण. १९५५ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिकने बनवलेले ते प्रायोगिक डिझेल इंजिन, फिकट निळे आणि त्यावर दुधी पट्टे, आत १६५० अश्वशक्तीची दोन नेपियर इंजिने, असे एकच होते. १९६१-६२ मध्ये आलेल्या २२ ‘डेल्टिक’ इंजिनांशी त्याच्या बाह्य आकाराचे फारसे साम्य नाही, त्यामुळे त्यांचा साचा रंगवून काम भागले नसते. अशा प्रतिकृतीला मी प्रमाणपत्र असो वा नसो, मान देतो.

खऱ्या इंजिनाची कहाणीच फसवी असेल तर उत्पादकाने काय करावे, याचेही एक उदाहरण सांगतो. १९३७ मध्ये लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश कंपनीने ‘कॉरोनेशन’ हे ६२२० क्रमांकाचे निमुळत्या आवरणाचे इंजिन काढले; निळा रंग आणि रुपेरी पट्टे. त्याच वर्षी २९ जून रोजी क्रूजवळ त्याने ताशी ११४ मैलांचा वेग गाठला. १९३९ च्या आरंभी ‘कॉरोनेशन’ अमेरिकेला गेले असे जगाने पाहिले, पण ते इंजिन तांबडे होते आणि त्यावर सोनेरी पट्टे होते. प्रत्यक्षात ते ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’, क्रमांक ६२२९, होते. दौऱ्यासाठी दोन्ही इंजिनांनी नाव आणि क्रमांक यांची अदलाबदल केली होती. युद्धामुळे ते तिथेच अडकले, १९४२ मध्ये परतले, आणि पुढच्या वर्षी ज्याचे नाव त्याला परत मिळाले. म्हणून तांबड्या रंगातली, घंटा आणि दिवा असलेली ६२२० ‘कॉरोनेशन’ ही प्रतिकृती चूक नाही. ती ६२२९ चीच, पण उसन्या नावाखालची आहे. हे खोक्यातल्या माहितीपत्रकात लिहिलेले असेल तर त्या उत्पादकाने अभ्यास केला आहे हे कळते.

इतर काही खुणा थोडक्यात देतो. ‘किंग जॉर्ज द फिफ्थ’ या ६००० क्रमांकाच्या इंजिनाच्या पुढच्या तुळईवर पितळी घंटा असेल तर ते १९२७ च्या अमेरिका भेटीनंतरचे. ‘इव्हनिंग स्टार’, क्रमांक ९२२२०, मार्च १९६० मध्ये स्विंडनला बांधलेले ब्रिटिश रेल्वेचे शेवटचे वाफेचे इंजिन. त्याच्या वर्गातली २५० इंजिने काळी होती, हे एकटे हिरवे आणि तांब्याच्या कडेच्या धुराड्याचे. आणि ‘टोर्नेडो’, ६०१६३: पेपरकॉर्न यांच्या (ग्रेस्लींच्या नव्हे) ए१ वर्गातली ४९ इंजिने १९६६ पर्यंत मोडीत निघाली, एकही उरले नाही, म्हणून वर्गणी जमवून त्याच आराखड्यावर पन्नासावे बांधले गेले आणि ते ऑगस्ट २००८ मध्ये डार्लिंग्टनला पहिल्यांदा वाफेवर हलले. १९५० च्या दशकातली गाडी मांडणाऱ्याने ते वापरू नये. तसल्या गाडीला ४९ पैकी एखाद्याचेच नाव हवे.

प्रमाणाबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत, कारण कितीही मर्यादित आवृत्ती असली तरी ब्रिटिश प्रतिकृतीत एक तडजोड जन्मतःच असते. तिथल्या प्रचलित ओओ मापात एका फुटाला चार मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रमाण साधारण १ : ७६ पडते. या प्रमाणाने १४३५ मिलिमीटर रुंदीचा खरा मार्ग १८.८३ मिलिमीटर व्हायला हवा, पण तो १६.५ मिलिमीटरच असतो. ब्रिटनमधली इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. हे माप ठरले त्या काळच्या विजेच्या मोटारी तेवढ्या लहान प्रतिकृतीत मावेनात, म्हणून अंग मोठ्या मापाने केले आणि रूळ युरोपातल्या लहान मापाचेच ठेवले. त्यामुळे समोरून पाहिले की प्रत्येक ओओ इंजिन किंचित अरुंद पायांवर उभे असलेले दिसते. दुसरी तडजोड वळणाची. घरातल्या टेबलावरचे ४३८ मिलिमीटर त्रिज्येचे नेहमीचे वळण खऱ्या जगात सुमारे ३३ मीटर त्रिज्येचे ठरते, आणि तेवढ्या वळणावर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ मुळीच जाऊ शकत नाही. म्हणून बऱ्याच प्रतिकृतींत कॅबखालची मागची चाके कडेविना, म्हणजे रुळाला धरून ठेवणारी कड नसलेली, दिलेली असतात आणि कड असलेली जोडी वेगळ्या पुडीत असते. कपाटात ठेवायचे असेल तर ती जोडी जरूर बसवावी. इंजिनाची मागची बाजू लगेच खरी वाटू लागते.

‘मॅलार्ड’ चालवताना माझ्या मनात नेहमी येणारा एक हिशेब इथे सांगावासा वाटतो. ताशी १२६ मैलांचा तो वेग या प्रमाणात सेकंदाला सुमारे ७४ सेंटिमीटर होतो. बहुतेक जण नियंत्रक पूर्ण उघडून त्याहून जोरात चालवतात, आणि मग ते सुंदर इंजिन खेळण्यासारखे दिसते. खऱ्या इंजिनाचा ताशी चाळीस मैलांचा वेग, म्हणजे सेकंदाला जेमतेम २३ सेंटिमीटर, ठेवून पाहावे.

आता मोलाबद्दल. अनुक्रमांक १ किंवा आवृत्तीतला अगदी शेवटचा अनुक्रमांक यांना काही संग्राहक थोडे अधिक मोजतात. मधल्या अनुक्रमांकांत फरक पडत नाही, मग तो ३७ असो वा ७३७. प्रतिकृतीची किंमत टिकवतात त्या गोष्टी वेगळ्या: मूळ खोके आणि प्रमाणपत्र एकमेकांशी जुळणे, सुट्या भागांची न उघडलेली पुडी, कोरीव धातूची नामपाटी असेल तर तीही सोबत असणे, आणि क्रमांकाची अचूकता. किंमत झटकन उतरते ती त्याच वर्गाचा नवा, अधिक तपशीलवार साचा बाजारात आला की. निव्वळ किंमत वाढेल म्हणून मर्यादित आवृत्ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विकत घेण्यापूर्वी धातूची तपासणी मात्र सोडू नका. या प्रतिकृतींचे सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. ओतताना त्यात शिशाचा अंश मिसळला तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि शेवटी तो बिस्किटासारखा तुटतो. माझ्या संग्रहातल्या एका इंजिनाचे असे झाले. ते खोक्यातून अकरा वर्षे काढले नव्हते. काढले तेव्हा पायपट्टी धनुष्यासारखी वर वाकलेली होती आणि दुरुस्तीला वाव नव्हता. म्हणून इंजिन सपाट काचेवर ठेवून सगळी चाके टेकतात का, अंग आणि सांगाडा यांच्यात फट दिसते का, हे पाहावे. खोक्यातला फोम अंगाला चिकटून रंगावर डाग पडतात, त्यासाठी इंजिन आम्लरहित पातळ कागदात गुंडाळून ठेवावे. कधीच न चालवलेले इंजिन घेतलेत तर दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मंद गतीने फिरवून घ्या; जुने वंगण घट्ट झालेले असते आणि तसेच जोरात चालवले तर दंतचक्राला तडा जातो.

शेवटी आपल्या निवडीबद्दल. ६०१०३ ची तारीख तिच्या अंगावरच स्पष्ट आहे: १९६२ चे वर्ष, १९९३ नंतरचा थोडा काळ, किंवा २०१६ नंतरचा काळ. मागे ब्रिटिश रेल्वेचे तपकिरी-तांबडे डबे लावलेत तर ती निर्दोष दिसेल, आणि दोन्हींची अवस्था सारखी असेल तर मी तीच घेईन. ४४७२ चे मात्र विक्रेत्याकडून दोन छायाचित्रे मागवा, एक बॉयलरच्या पुढच्या टोकाचे बाजूने आणि एक टेंडरचे मागून. झाकणे नसतील आणि टेंडरला जोडवाट असेल, तर ते १९२८ च्या न थांबणाऱ्या गाडीचे ए१ आहे आणि त्याच्यामागे सागाचे डबे शोभतील. झाकणे आणि जोडवाट दोन्ही असतील, तर ते १९६३ नंतरचे पेग्लर यांचे इंजिन. त्या वेळी त्याच्यामागे खास सहलींच्या गाड्या असत, तसेच डबे द्या. झाकणे असूनही खोक्यावर १९२० किंवा १९३० च्या दशकातले साल छापलेले असेल, तर त्या सालासाठी जास्तीची किंमत मोजू नका.